तीन ठिपक्यांची पिन

दिवाळीला आठ दिवस असताना पहिली पिन परत आली. ठेकेदाराने ती जीपमधून काढली, दोन्ही तुकडे वर्कशॉपच्या दाराशी असलेल्या ऐरणीवर ठेवले आणि माझ्या मोठ्या भावाला विचारले, "पिन देल्ली होती का खडीसाखर?"

दादा हसला. ठेकेदारही हसला. आमचा टर्नर, म्हणजे लेथवरचा मिस्त्री, हसला नाही. त्याने लेथ बंद केला, हात पुसले आणि तुकडा उजेडाकडे धरून पाहिला. तुटलेल्या तोंडावर खरोखरच साखरेसारखा दाणा चमकत होता. दुसऱ्या टोकाला, ग्रीसच्या भोकाशेजारी, पंचाने ठोकलेले तीन ठिपके होते. ती त्याची खूण. त्या शेडमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पिनवर ती असे.

हे सत्तरच्या दशकातले. मी एका वर्तमानपत्रात रात्रपाळीचा उपसंपादक होतो. दादाचे वर्कशॉप नंदनवन वस्तीच्या पलीकडे टिनाच्या शेडमध्ये होते. दोन लेथ, एक ड्रिल, एक ग्राइंडर, मागे भट्टी. काम मुख्यतः पिनांचे. कन्हानच्या पलीकडे दगडाच्या खदानी होत्या आणि तिथे दगड उचलणारी जुनी परदेशी यंत्रे चालत. त्यांचे सुटे भाग मिळत नसत. बकेट आणि तिला उचलणारा लोखंडी हात ज्या सांध्यावर हलतात त्या सांध्यात एक पिन असते, मनगटाएवढी जाड, हातभर लांब. सगळे वजन तिच्यावर. वर्षभरात ती एका बाजूने झिजते, सांधा खडखडू लागतो. मग झिजलेली पिन घेऊन माणूस आमच्याकडे येई आणि तशीच नवी मागे.

तशीच देऊन चालत नसे. झिजलेली पिन मापून त्याच मापाची नवी केली तर ती पहिल्या दिवसापासून झिजलेलीच. टर्नर पिनचे न झिजलेले टोक मापत असे, तिथे मूळ माप शिल्लक असते. हे त्याने मला पहिल्यांदा सांगितले तेव्हा म्हणाला होता, "मधात पाहू नका जी. मधात तं सारेच झिजते. कोपऱ्यात पाहा."

पिनला लागणारे लोखंड नरम असते. हे ऐकणाऱ्याला उलटे वाटते. नरम सळईची पिन लेथवर खरादून घ्यायची, कोळशाच्या चुऱ्यासोबत लोखंडी पेटीत बंद करायची, पेटीला मातीने लिंपायचे आणि दिवसभर भट्टीत ठेवायचे. मग लाल तापलेली पिन पाण्यात बुडवून पाणी द्यायचे. पिनची कातडी कडक होते, काळीज नरम राहते. कातडी झिजत नाही आणि काळीज हादरा सोसते. कडक सळई वेगळी. ती दालमिलच्या शाफ्टसाठी ठेवलेली असे, तिला भट्टी नाही. तीच चुकून पेटीत गेली तर आतबाहेर काच होते.

दोन्ही सळया दिसायला सारख्या, जाडीला सारख्या. म्हणून मांडणीचे दोन खण होते. वरच्या खणात नरम, टोकाला तांबडा रंग. खालच्या खणात कडक, टोकाला निळा. कापायचे नेहमी बिनरंगाच्या टोकाकडून, म्हणजे शेवटच्या तुकड्यापर्यंत रंग राहतो. या नियमाला कोणी अपवाद करीत नसे.

ठेकेदार गेल्यावर दादाने तुकडा पुन्हा पाहिला. "हा आपला मालच नाही," तो म्हणाला. "हा भंगारातला एक्सल आहे. ट्रकचा."

त्याने हे टर्नर ड्रिलवर असताना, हळू आवाजात म्हटले.

त्या रस्त्यावरच्या वर्कशॉपांत एक अलिखित कायदा होता. टर्नरचा हात चुकला तर चुकला, उद्या सुधारेल. पण मालकाचा चांगला माल बाहेर विकून त्याच्या जागी भंगार लावणारा, म्हणजे माल खाणारा, याला त्या रस्त्यावर पुन्हा कोणी लेथला हात लावू देत नसे. आमचा टर्नर पन्नाशी ओलांडलेला होता आणि दुसरे काही त्याला येत नव्हते. दादाचा संशय खरा ठरला तर त्याचे काय होणार हे आम्हा दोघांनाही स्पष्ट होते. त्यालाही असावे.

दोन दिवसांनी दादाने आपले म्हणणे सांगितले: समोर नवे वर्कशॉप निघाले आहे. मिस्त्री दुपारचा चहा तिथे घेतो. पूर्वी घेत नव्हता. दुसरे, आठ दिवसांपूर्वी त्याने स्वतःहून येऊन सांगितले होते की लेथवर माल जड चालतो. "पिन तुटायच्या आधीच," दादा म्हणाला. "कोणी विचारलं नव्हतं, काही नव्हतं. मी म्हटलं रंग पाहा, तांबडा आहे न? मग चालवा. आता समजलं काहून सांगून राहिला होता. आधीच गादी घालून ठेवली त्यानं, पडलं तर लागू नये."

तिसरे, त्याने आपल्या हत्यारांच्या पेटीला कुलूप लावले होते.

"तू सकाळी मोकळाच असतो," दादा म्हणाला. "बसत जा इथं. तुम्हा पेपरवाल्याले लोकाचं पाहायची सवय असते."

मी बसू लागलो. दाराजवळ एक स्टूल होते, तिथून दोन्ही लेथ, मांडणी आणि रस्ता दिसे. मी छोटी वही बाळगत असे, तीच वापरली. त्या आठवड्यातल्या नोंदी कोरड्या आहेत. साडेअकराला वरच्या खणातून सळई काढली. टोक तांबडे. कापताना थांबला, बोटाने लोखंडाचा कीस उचलला, पाहिला, टाकला. एकला समोर गेला. पाऊण तास. परतताना हातात काही नाही. चार वाजता पेटी उघडली, पाठ माझ्याकडे करून. पेटी बंद, कुलूप, किल्ली कमरेला.

संशयाने पाहू लागले की साधे काम साधे दिसत नाही. तो चष्मा पुसे तेव्हा मला वाटे की वेळ काढतो आहे. तो पिनवर कानस ओढून पाही. कानस घसरली की पिन कडक. त्याने ती मुद्दाम मला दिसेल अशी ओढली असे मी एकदा लिहिले आहे. कानस घसरत होती. तिने काहीच सिद्ध होत नव्हते. भट्टीतून निघालेल्या कुठल्याही पिनवर ती घसरली असती.

तिसऱ्या दिवशी तो माझ्यापाशी आला.

"बाबू, तुमी काय लिहून राहिले?"

"पेपरसाठी आहे," मी म्हणालो.

"आमच्या पिना छापता का आता पेपरात?" तो म्हणाला. "मंग हेबी लिहा. हा माल जड चालून राहिला. टूल तापते. कीस लांब नाही येत, तुटून पडते."

मी लिहून घेतले. पुढे कंसात लिहिले: दुसऱ्यांदा तेच कारण. विचारले नसताना.

दिवाळीनंतर दुसरी पिन तुटली. या वेळी ठेकेदाराने तुकडे आणले नाहीत, माणूस पाठवून आम्हाला बोलावले. मी आणि दादा बसने कन्हानला आणि पुढे ट्रकने खदानीवर गेलो. यंत्र मान वाकडी करून उभे होते. बकेट एका बाजूने लोंबत होती. तिचा दाता ट्रकच्या फाळक्यात रुतला होता. पिन तुटली तेव्हा ट्रकचा क्लीनर फाळक्यावर उभा होता, त्याने उडी मारली. त्याला काही झाले नव्हते. तो बाजूला बसून बिडी ओढत होता आणि येईल त्याला तीच हकिकत सांगत होता.

ठेकेदार या वेळी हसला नाही. "भाऊ, एक डाव खडीसाखर झाली, मजाक झाली. आता माणूस मेला असता. कोन बनवते या पिना? तीन ठिपके कोनाचे?"

दादाने सांगितले.

"मंग त्या तीन ठिपक्यावाल्याले काढा. नाही तं मीच फिरतो कामठीपासून भंडारा रोडपर्यंत, साऱ्या दुकानाईत सांगतो, या खुणेची पिन आली तं मले दाखवा. त्याले कोनी दारात उभं नाही करनार."

 परतताना घराजवळ आल्यावर दादा म्हणाला, "सोमवारी सांगून टाकतो त्याले."

सोमवारी मी लवकर गेलो. दादा माझ्याही आधी आला होता. टर्नर अजून नळावर हातपाय धूत होता. त्याची डब्याची पिशवी खिळ्याला अडकवली होती. शनिवारी ती जाताना जड दिसली असे मी दादाला सांगितले होते. ही नोंदही वहीत आहे. दादाने पिशवी काढली, डबा बाजूला ठेवला आणि खाली हात घातला. वर्तमानपत्रात बांधलेल्या दोन पुड्या निघाल्या. एकीवर तांबड्या पेन्सिलीने रेघ होती, दुसरीवर निळ्या.

दादाने पुड्या ऐरणीवर सोडल्या. दोन्हींत लेथचा कीस होता. लोखंडाचा कीस कोणी चोरत नाही. तो आम्ही पोत्याने भंगारवाल्याला देत असू.

टर्नर नळावरून आला. ओले हात तसेच. त्याने पिशवी पाहिली, दादाला पाहिले, मग मला.

"पाह्यलं?" तो म्हणाला. "आता चांगलं पाहा. तांबड्या टोकाच्या सळईचा कीस हा. नरम माल हाय न तो? तं मंग याची वेटोळी लांब निघाले पाह्यजे, केसावानी. हे तं तुकडे. आन् हा निळ्याचा. कडक म्हनता. पाहा कसा लांब निघाला."

"हे घरी काहून नेत होता?"

"घरी नाही जी. समोर. त्याईच्या ग्राइंडरवर दोन्ही सळयाचे तुकडे लावून पाह्यले. त्याईचा मिस्त्री माह्या गुरूच्या हाताखालचा. मले एकट्याले वाटून राहिलं का खरंच हाय, हे कोनाले तरी विचारा लागते न."

"मला काहून नाही सांगितलं?"

"सांगतलं न. तुमी म्हनलं रंग पाहा." मग माझ्याकडे वळून, "यायले सांगतलं. यायनं लिहून घेतलं."

दादाने विचारले, "आणि कुलूप?"

टर्नरने ओले हात फडक्याला पुसले. "पहिली पिन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी माह्यी पेटी कोनीतरी उघडून पाह्यली होती. टूल उलटेसुलटे होते. कोनी पाह्यली ते मी नाही विचारत. कुलूप तवापासून हाय."

मी दादाकडे पाहिले. त्याने मला कुलपाबद्दल सांगितले होते. त्याआधी पेटी त्यानेच उघडली होती हे सांगितले नव्हते. मी घटनांचा क्रम विचारला नव्हता. हातात आलेली बातमी कोणत्या वेळची, हा आमच्या टेबलावरचा पहिला प्रश्न असतो.

तेव्हा कोपऱ्यात पडलेल्या शाफ्टकडे माझे लक्ष गेले. तो दालमिलवाल्याने गेल्या आठवड्यात परत केला होता. मध्ये धनुष्यासारखा वाकला होता. दादाने दालमिलवाल्यालाच दोष दिला होता की पट्टा जास्त ताणला. मीही वहीत काही लिहिले नव्हते, कारण शाफ्ट दुसऱ्या लेथवर झाला होता. टर्नरचा त्याच्याशी संबंध नव्हता.

माल खाणारा चांगली सळई नेतो आणि वाईट ठेवतो. इथे पिन कडक निघत होती आणि शाफ्ट नरम. एकाच वेळी दोन्ही. कोणी काही नेलेच नव्हते. वरचे खाली गेले होते आणि खालचे वर.

दादाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "अशक्य. रंग आहेत."

"लावून पाहा न," टर्नर म्हणाला. "आपलाबी ग्राइंडर हाय."

त्याने दोन्ही खणांतून एकेक सळई काढली. शेडचे दार अर्धे लोटले, म्हणजे ठिणग्या दिसाव्यात. निळ्या टोकाची सळई चाकाला लावली. लांब, सरळ, पिवळ्या रेघा निघाल्या आणि शेवटी एखाददुसरा काटा फुटला. मग तांबड्या टोकाची. चाकापासून वीतभरावर ठिणग्या फुटू लागल्या, दाट, फुलझडीसारख्या. कडक मालाच्या ठिणग्या अशाच फुटतात; कोणालाही फरक कळला असता.

"रंग खोटं सांगून राहिला," टर्नर म्हणाला. त्याने ग्राइंडर बंद केला.

आता प्रश्न एवढाच उरला की रंग कोणी दिला.

उत्तर माझ्यापाशी होते आणि मला ते काही क्षण आधीच कळले होते. दसऱ्याला त्या शेडमध्ये हत्यारांची पूजा असे. त्या वर्षी ठेकेदार पूजेला येणार म्हणून दादाने सगळे वर्कशॉप धुवून काढायचे ठरवले. टर्नर आदल्या दिवशीच गावी गेला होता. दसऱ्याला हत्याराला हात लावायचा नाही, मग थांबून काय करायचे. हमालांनी सळया काढून अंगणात टाकल्या, केरोसीनने धुतल्या, जुना रंग फडक्याबरोबर निघून गेला. पुन्हा मांडणीवर ठेवताना शेवटी काढलेल्या, म्हणजे खालच्या खणातल्या, सळया ढिगात वर होत्या म्हणून आधी हाताशी आल्या आणि वरच्या खणात गेल्या. मला सुटी होती. दादाने दोन डबे माझ्या हाती दिले आणि म्हणाला, वर तांबडा, खाली निळा, नेहमीसारखा. मी वर तांबडा दिला आणि खाली निळा दिला. रंग सुबक लागला होता. वहिनीने प्रत्येक टोकाखाली हळदकुंकवाचे बोट लावले. ठेकेदार आला तेव्हा त्याने मांडणीचे कौतुक केले.

तुटलेल्या दोन्ही पिना दसऱ्यानंतरच्या होत्या. वाकलेला शाफ्टही. माझ्या वहीत सहा पाने भरली होती आणि रंग देणाऱ्याचा उल्लेख एकदाही नव्हता.

मी सांगितले. दादाने मांडणीकडे पाहिले. "हमालानं घोळ केला," तो म्हणाला.

"हमालाले काय मालूम कोनता माल कोनता," टर्नर म्हणाला. "धुवाच्या आधी मले इचारलं असतं तं मी दोन दिवस मंग गेलो असतो गावाले."

मी माफी मागितली. त्याने हात झटकला. त्यात क्षमा होती की कंटाळा, हे मला तेव्हा कळले नाही आणि आता ठरवण्याचा अधिकार नाही.

दुपारी दादा स्वतः खदानीवर गेला आणि ठेकेदाराला झाले ते सांगितले. दसऱ्यानंतर केलेल्या सगळ्या पिना यंत्रांतून काढायला लावल्या. पाच होत्या. ठेकेदार पिना द्यायला स्वतः आला आणि टर्नरसमोर उभा राहून म्हणाला, "मिस्त्री, तुमचं नाव खराब करून राहिलो होतो मी. मले काय मालूम, चोर पेपरात काम करते!" शेडमधले सगळे हसले. मीही हसलो. टर्नरने पाचही पिना ऐरणीवर ओळीने ठेवल्या आणि प्रत्येकीवरचे आपले तीन ठिपके ग्राइंडरला लावून घासून काढले. मग त्या भंगारात टाकल्या.

त्याने एकच अट घातली. यापुढे सळई मांडणीवर चढण्याआधी तिचे टोक ग्राइंडरला लागेल, आणि रंग देणाऱ्याने तिथे उभे राहून ठिणग्या पाहायच्या. पिनवर त्याच्या तीन ठिपक्यांशेजारी रंग देणाऱ्याचाही एक ठिपका पडेल. "उद्या तुटली तं एकट्याचं नाव नाही निघालं पाह्यजे," तो म्हणाला. दादा म्हणाला, रंग मी देईन. टर्नर म्हणाला, नाही, यायलेच देऊ द्या, यायले आता ध्यानात राहीन.

पुढची दोन वर्षे, माल आला की मी जात असे. तो सळई धरी, मी ठिणग्या पाही, मग ब्रश घेई. पिना खरादून झाल्या की, भट्टीत जाण्याआधी, पंच माझ्या हाती देई आणि मी माझा ठिपका ठोकी. पहिले काही वाकडे पडले. त्याने त्यावर टीका केली नाही.

कुलूप मात्र राहिले. दादाला वाटत होते की ते आठवडाभरात निघेल. मलाही वाटत होते. पुढच्या दसऱ्याला टर्नर गावी गेला नाही. सकाळी त्याने कमरेची किल्ली काढली, पेटी उघडली, टूल, मायक्रोमीटर, कानशी, तीन ठिपक्यांचा पंच, सगळे फडक्यावर मांडले. वहिनीने हळदकुंकू लावले. सळया त्या वर्षी धुतल्या नाहीत. आरती झाली, आपट्याची पाने वाटली, त्याने दादाला आणि मला सोने दिले आणि आम्ही त्याला दिले. मग त्याने प्रत्येक हत्यार पुसून परत पेटीत ठेवले, झाकण लावले आणि कुलूप घातले. एकदा ओढून पाहिले.